सात चौकोनांची आई

गोदाची आई आता सात चौकोनांएवढी उरली होती.

पहिल्या शुक्रवारी ती चांगली एकोणीस चौकोनांची होती. मग सोळा. मग चौदा. दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुण्याच्या मापन केंद्रातून फोटो यायचा. काळीभोर पाटी, तिच्यावर इकडेतिकडे ठळक तारे आणि मधोमध करड्या चौकोनांचा एक पुंजका. तो पुंजका म्हणजे ‘अश्मयात्री’ नावाचं यान. यानात तीन माणसं, आणि त्या तिघांतली एक गोदाची आई. गोदा आधी चौकोन मोजायची आणि मगच श्वास घ्यायची.

“आली का?” बाबांनी मोरीतून विचारलं. ते नुकतेच साइटवरून आले होते, कोपरापर्यंत सिमेंटने माखलेले.

“आली.”

“किती?”

“सात.”

मोरीत तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, “बारीक व्हायलीय लई. खात नसंल नीट.”

गोदाला फस्सकन हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरले. एकाच तोंडाने दोन्ही कामं करायची म्हणजे किती कसरत! तिने फोटोची छापील प्रत काढली आणि भिंतीवर, आधीच्या दहांच्या शेजारी, अकरावी चिकटवली.

धोत्र्यांच्या घरात दगड काही नवा नव्हता. आईच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे सात-सात पिढ्यांनी दगडच फोडला होता. खाणीत, रस्त्यावर, धरणावर. आठव्या पिढीतली अंबिका धोत्रे मात्र दगड फोडायला थेट आभाळात गेली. लहानपणी ती वडलांच्या मागे मागे खाणीत फिरायची आणि हातोडीने दगड वाजवून बघायची. टक टक, मग कान लावून थांबायचं, मग टक. सलग दगड टण्ण बोलतो. आत भेग असली की भद्द. पुढे भूविज्ञानाची डॉक्टर झाली तरी ही सवय सुटली नाही. कलिंगड, भिंत, गोदाची पाठ, घराचं दार, सगळं ती तसंच वाजवायची. टक टक… टक. दाराला चांगली बेल असताना!

ती लघुग्रहावर उतरली त्या दिवशी स्टेशन रोडला कुणीतरी हा एवढा मोठा फलक लावला होता: ‘जगात जर्मनी, भारतात परभणी, आभाळात धोत्रेवहिनी!’ तो फलक अजून तिथेच होता, उन्हाने फिका पडलेला.

आणि मग परतीच्या वाटेवर, जानेवारीत, सूर्य खवळला. विद्युतभारित कणांची एक प्रचंड लाट सुटली आणि तिने दोन घाव घातले. अश्मयात्रीचा रेडिओ जळाला, आणि पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर तरंगणाऱ्या ‘चित्रा’ या दुर्बिणीच्या डोळ्यात जखमा झाल्या. म्हणजे बघा, ज्या वादळाने आईचा आवाज नेला, त्यानेच तिला पाहू शकणारा एकमेव डोळाही दुखावला. इतकं फिकं बघू शकेल अशी दुसरी दुर्बीण नव्हतीच.

चित्रा दर शुक्रवारी दुपारी चार वाजता अश्मयात्रीकडे बघणार, हे वेळापत्रक उड्डाणाआधीच ठरलेलं होतं. यानातल्यांनाही ते पाठ होतं. चाळीस मिनिटांत आठ फोटो, पाच-पाच मिनिटांचे. एकेकटा फोटो फार फिका, म्हणून केंद्रात आठांची बेरीज करून एक फोटो बनवायचे. तोच घरी यायचा. पृथ्वी आपल्या वाटेने पुढे धावत होती, यान मागे पडत होतं, म्हणून ठिपका दर आठवड्याला लहान होत होता. जूननंतर अंतर पुन्हा कमी होणार होतं. अर्थात, यान घरच्या वाटेवर असलं तर.

बाय द वे, बेल. वादळानंतर तिसऱ्या दिवशी बाबांनी बेलचं सर्किट काढून कपाटात ठेवलं. “बिघडलीय,” म्हणाले. ती बिघडली नव्हती हे गोदाला माहीत होतं. तेव्हापासून जो येईल त्याला दार वाजवावं लागे, आणि प्रत्येक वेळी घरातली दोन माणसं अर्धा क्षण आहे तिथे थबकून ऐकत.

त्या संध्याकाळी फोटोपाठोपाठ फोन आला. मापन केंद्राच्या डॉ. मृणाल केळुसकर. त्या एरवी भराभर बोलत. आज शब्द जपून ठेवत होत्या.

“गोदावरी, बाबा जवळ आहेत ना? स्पीकर सुरू कर.” मग म्हणाल्या, “वादळानंतर चौथ्या दिवशी यानाने इंजिन पेटवून घरच्या वाटेला वळायचं होतं. पहिले तीन शुक्रवार ठिपका त्या वाटेवरच दिसला. पण नंतर तो सरकतोय. दर आठवड्याला जास्त. आणि सरळ नाही, वळत वळत. आमचा अंदाज असा आहे की यानातून वायू गळतोय आणि त्याने यान बाजूला ढकललं जातंय.”

“मग ओढयान?” गोदाने विचारलं.

ओढयान म्हणजे समोरून जाऊन अश्मयात्रीला गाठायचं आणि त्याचा वेग कमी करून घरी आणायचं असं छोटं, ताकदवान यान. रेडिओ नसताना वेग आवरायच्या सूचना पृथ्वीवरून देता येणार नव्हत्या, म्हणून ते पाठवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. पण त्याचं इंधन घरच्या वाटेवरच्या भेटीपुरतंच.

“ओढयान या महिन्यात निघालं तरच वेळेत पोचेल. पुढच्या शनिवारी समिती ठरवणार आहे. यान वाटेवर नसेल तर…” केळुसकर थांबल्या. “अजून एक शुक्रवार आहे आपल्याकडे. एकच.”

“मॅडम,” बाबा म्हणाले, “मोजमाप किती पक्कं हाय?”

“शहाण्णव टक्के.”

“स्लॅब पडतो ना मॅडम, तो उरल्या चार टक्क्यांनीच पडतो.”

 

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर धबाधबा थापा पडल्या. आई नव्हे, गोदाची मैत्रीण निलोफर. दार असं वाजवायची की कडीने राजीनामा द्यावा.

“अगं हळू! दार आहे, ढोलकी नाही.”

“बेल बसवा की मग! एवढे ठेकेदार तुम्ही, आख्ख्या परभणीची घरं बांधता आणि स्वतःच्या दाराला बेल नाही.” निलोफर आत येऊन पलंगावर फतकल मारून बसली. गोदाचा चेहरा बघून तिने सूर बदलला, पण फार नाही. तिला फार हळवं होणं जमतच नसे. “तुझं बरं आहे, गोदे. तुझी आई पिक्सेल. माझी आई मिक्सर. सकाळी सहापासून घर्रर्र.”

गोदा हसली. मग तिने सगळं सांगितलं. गळती, ओढयान, शनिवार.

निलोफर उठून भिंतीपाशी गेली. अकरा फोटो ओळीने. ते असे कच्चेच घरी येत याचं श्रेय बाबांना. केंद्राने पाठवलेला अगदी पहिला फोटो फिरवून, उत्तर दिशा वर करून, घासूनपुसून पाठवला होता. त्यात आई गोटीसारखी गोलमटोल दिसत होती. बाबा फोन करून म्हणाले होते, “मॅडम, हे गिलावा केलेलं हाय. गिलाव्याखाली भिंत कशी हाय ते कळत नसतं. आम्हाला विटा दिसू द्या.” केंद्राने तो नव्याने पाठवला आणि तेव्हापासून फोटो चित्राला जसा दिसला तसाच यायचा, न फिरवता.

“काय गं,” निलोफर नाक भिंतीला लावून म्हणाली, “बाकीचे तारे कसे गोल गोल आहेत. तुझ्या आईलाच ही शेंडी का?”

“कसली शेंडी?”

“ही बघ की. वरच्या बाजूला. ह्यात बारीक आहे, ह्यात जराशी मोठी, ह्या कालच्यात तर आंघोळ करून केस वर बांधल्यासारखी.”

गोदाने बघितलं. खरंच की! इतके शुक्रवार ती चौकोन मोजत होती. ते कसे मांडलेत हे तिने पाहिलंच नव्हतं.

शेंडी कुठून येते हे तिला ठाऊक होतं. केळुसकरांनी पहिल्याच फोनमध्ये समजावलं होतं. चित्राच्या डोळ्यात सिलिकॉनची पाटी असते, तिच्यावर लाखो बारीक चौकोन. प्रकाश पडला की त्या त्या चौकोनात इलेक्ट्रॉन साठतात. प्रकाश जास्त तितके इलेक्ट्रॉन जास्त. पण मोजणारं यंत्र एकच, पाटीच्या खालच्या कडेला. म्हणून फोटो काढून झाला की प्रत्येक चौकोन आपला साठा खालच्याला देतो, तो त्याच्या खालच्याला, असं करत करत सगळा ऐवज खाली उतरतो. नव्या पाटीत एक इलेक्ट्रॉन सांडत नाही. पण सूर्यावरून आलेला कण पाटीत घुसला की सिलिकॉनचा एखादा अणू जागचा हलतो आणि तिथे एक खड्डा पडतो. जाता जाता इलेक्ट्रॉन त्या खड्ड्यात पडतात, जरा वेळ अडकतात आणि मग उशिरा बाहेर येतात. तोवर त्यांची मंडळी पुढे निघून गेलेली. मग ते मागून येणाऱ्या दुसऱ्याच साठ्याबरोबर उतरतात. फोटोत ते ताऱ्याच्या वर, मागे राहिलेले दिसतात. हीच शेंडी.

“पण ती कापायला त्यांच्याकडे प्रोग्राम आहे, बेरजेआधीच चालतो,” गोदा म्हणाली. “खड्डे किती, कुठे, हे ताऱ्यांवरून शिकतो आणि मागे राहिलेलं उचलून जागच्या जागी ठेवतो. बघ ना, ताऱ्यांच्या कापल्यात.”

“ताऱ्यांच्या कापल्यात. काकूंची राहिली.” निलोफरने खांदे उडवले. “न्हावी चुकला तुमचा.”

न्हावी का चुकला, हे गोदाला त्या दिवशी काही केल्या कळलं नाही.

रविवारी नानलपेठेतल्या एका अरुंद बोळात स्लॅब होता. बोळ इतका चिंचोळा की काँक्रीटचा पंप आत शिरेना, म्हणून बाबांनी जुन्या पद्धतीने माणसांची रांग लावली. खाली मिक्सर, वर सळयांचं जाळं, आणि मधे जिन्यावरून चौदा माणसं, हातोहात घमेली चढवणारी. एप्रिलचं ऊन वर यायच्या आत संपवायचं होतं. गोदाला सुट्टी म्हणून बाबांनी तिच्यावर एकच काम सोपवलं: मिक्सर सुरू व्हायच्या आत सगळी घमेली पाण्याने ओली करून ठेवायची.

नारळ फुटला, मिक्सर गरगरला, रांग हलली. आणि दहाव्या मिनिटाला वरून बाबांचा आवाज आला.

“गोदेऽऽ! घमेली भिजवली का?”

गोदाच्या हातात मोबाईल होता, मोबाईलमध्ये सात चौकोन. घमेली कोरडीठाक.

बाबा खाली उतरून आले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी एक रिकामं परत आलेलं घमेलं उचललं आणि तिच्यासमोर धरलं. तळाला, कडेला माल चिकटून बसला होता. बोटाने खरवडलं तेव्हा ढेकूळ सुटलं आणि नेमकं खाली, दुसऱ्याच्या भरलेल्या घमेल्यात पडलं.

“बघितलं? ह्याचा माल, त्याच्या घमेल्यात. ह्याला कमी, त्याला जादा.”

“सॉरी, बाबा. पण एवढंसंच तर चिकटलंय.”

“भरल्या घमेल्याला ओंजळभर चिकटलं तर कोण बघतंय? पण शेवटाला कोपऱ्यात भरायला ओंजळभरच माल पाठवला, आणि घमेलं कोरडं असलं, तर वर काय पोचंल? घमेलंच पोचंल नुसतं!” रांगेतली माणसं हसली. “म्हणून आधी ओलं करायचं. घमेल्याला आपलं पाणी प्यायला द्यायचं. त्याचं पोट भरलं की मग ते मालाला हात लावत नसतंय.”

गोदा तशीच उभी राहिली. तोंड उघडं. मग तिने असा काही आवाज काढला की मिक्सरवाल्याने घाबरून मिक्सर बंद केला.

ओंजळभर माल. फिका ठिपका!

ठळक तारे म्हणजे भरलेली घमेली. त्यांच्यातून खड्ड्यांनी खाल्लं तरी किती खाणार? आणि प्रोग्राम शिकला होता तो सगळा त्यांच्याकडूनच. आईचा ठिपका मात्र ओंजळभर होता. वादळाने पाडलेले नवे, बारीक खड्डे त्यातला केवढा तरी भाग अडवत होते, आणि ठिपका जितका फिका होत गेला तितका जास्त. शेंडी वाढली की ठिपक्याचा मध्य वर सरकतो. यान सरकत नव्हतंच! मोजमाप सरकत होतं!

त्या दिवशी गोदाने सगळी घमेली दोन-दोनदा भिजवली आणि संध्याकाळपर्यंत एकटीच पुटपुटत राहिली.

घरी येऊन ती कंपासपेटीतला कोनमापक घेऊन भिंतीपाशी बसली. चित्रा सूर्याकडे कायम पाठ ठेवून असते, त्यामुळे तिला सूर्याभोवती फिरताना हळूहळू मान कलती करावी लागते. आठवड्याला साधारण सात अंश. केंद्रात प्रत्येक फोटो आधी फिरवून सरळ करायचे आणि मगच नकाशावर मांडायचे. म्हणजे इथे भिंतीवर दर वेळी वरच असणारी शेंडी, तिथे नकाशावर दर आठवड्याला सात अंश वळलेली दिसणार. गोदाने केंद्राने घरच्यांना दिलेला नकाशा उघडला आणि त्या वळत गेलेल्या वाटेचे कोन मोजले. सात. सात. आठ. सात. सहा. सात.

वाट वळली नव्हती. मान कलली होती.

सोमवारी शाळेत जायच्या आधी तिने फोन लावला. इतकी वाक्यं पाठ करून ठेवली होती आणि ऐन वेळी सगळी पळाली; उरलं ते एकच.

“मॅडम, यानातून गळती असती, तर ती चित्राच्या मानेबरोबर कशाला फिरली असती?”

 पलीकडे कागदांची सळसळ, मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

“पुन्हा सांग,” केळुसकर म्हणाल्या. “हळू सांग.”

गोदाने सांगितलं. शेंडी, ओंजळ, घमेली, कोनमापक. केळुसकरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

“आम्ही सगळे फोटो आधी सरळ करून बघायचो,” त्या शेवटी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शरम होती आणि ती त्यांनी लपवली नाही. “सवयच ती. बावीस वर्षांची. गोदावरी, तू बरोबर असशील. पण हा संशय झाला, मोजमाप नव्हे. समितीला मोजमाप लागेल.”

“मग घमेली भिजवा ना!”

“म्हणजे?”

“फोटो वाचायच्या आधी पाटीवर थोडा उजेड सोडायचा. सगळीकडे सारखा. खड्डे त्यानेच भरतील, मग आईच्या वाटचं कोण खाणार? आहे का चित्रा दुर्बिणीत दिवा?”

“आहे. चाचणीचा, छोटासा. हा उपाय माहीत आहे गं आम्हाला, पण इतक्या फिक्या ठिपक्यावर कुणी धजत नाही. तो उजेड सगळ्या पाटीवर सांडतो आणि त्याची स्वतःची खरखर असते. सात चौकोनांचा ठिपका त्यात बुडाला, तर शनिवारी माझ्या हातात काहीच नसेल. साधा फोटो निदान काहीतरी दाखवतो.”

“साधा फोटो खोटं दाखवतो!”

बोलून गेल्यावर गोदाने जीभ चावली. बाबा दाराशी उभे होते, डबा हातात घेऊन. त्यांनी तिच्याकडून फोन घेतला.

“मॅडम, मी मारुती धोत्रे.”

“बोला, धोत्रे.” आणि मग केळुसकरांनी जे विचारलं ते गोदा आयुष्यभर विसरणार नव्हती. “घमेल्याला पाणी किती मारता तुम्ही?”

बाबांनी विचार केला. “साठवायचं नसतं, मॅडम. पाणी राहिलं तर माल पातळ होतो, स्लॅब कच्चा पडतो. ओतायचं, फिरवायचं, उपडं करायचं. हात लावला की ओलं लागलं पाहिजे, पण थेंब पडता कामा नये.”

“थेंब पडता कामा नये,” केळुसकर स्वतःशीच म्हणाल्या. त्या लिहून घेत होत्या. “दिवा किती वेळ लावायचा ते मी आजपासून जुन्या फोटोंवर करून बघते. यानातल्या बाकी दोघांच्या घरीही विचारते. जमेल असं वाटलं तर शुक्रवारी लावू.”

“आणि नाही वाटलं तर?” गोदा मागून ओरडली.

“तर तूच मला झोपू देणार नाहीस, हे कळलंय मला.”

बारावा शुक्रवार. दुपारी चार वाजता गोदा आणि निलोफर गच्चीवर होत्या. गच्ची तव्यासारखी तापलेली. वर पांढरं, धुरकट आभाळ, त्यात काही दिसायचा प्रश्नच नव्हता. तरी गोदा वर बघत होती. तिकडे कुठेतरी एक दिवा क्षणभर लागत असेल, विझत असेल. आठ वेळा.

“घाबरलीस?” निलोफरने विचारलं.

“ठिपका बुडाला तर माझ्यामुळे बुडेल.”

“हो.” निलोफर असली खोटी समजूत कधी घालत नसे. “पण बुडाला नाही तर पण तुझ्यामुळेच. आणि थोडंसं माझ्यामुळे. शेंडी मी बघितली होती, पेपरात नाव दे माझं.”

साडेपाच झाले. सहा झाले. बाबा लवकर घरी आले होते आणि उगाच कपाटातले खिळे मापाप्रमाणे लावत बसले होते. सहा वाजून दहा मिनिटांनी फोटो आला.

सगळी पाटी करडी. धुळीने भरल्यासारखी, खरखरीत.  गोदाने बोटांनी फोटो मोठा केला.

मधोमध, धुळीतून वर आलेला, एक ठिपका. तिने मोजलं. परत मोजलं.

“नऊ,” ती म्हणाली. “बाबा, नऊ! या वेळी खड्ड्यांनी काही खाल्लं नाही! आणि गोल! शेंडी नाही!”

फोन वाजला. केळुसकर यावेळी भराभर बोलत होत्या, शब्दावर शब्द पडत होते. “घरच्या वाटेवर आहे! रेघेवर, अगदी रेघेवर! गळती नव्हतीच. समितीच्या अध्यक्षांशी बोलले मी, उद्याची बैठक नावापुरती. ओढयान निघतंय! सात महिने, गोदावरी. नोव्हेंबरात घरी.”

 बाबांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढलाच नाही. निलोफरने मात्र “या अल्ला!” म्हणून पलंगावर उडी मारली आणि पलंगाचा एक पाय मोडला.

“थांबा, अजून एक आहे,” फोनमधून केळुसकर सांगत होत्या. “आता शेंडी नाही म्हटल्यावर एकेक फोटो वेगळा मोजता येतो. आठही वेगळे पाठवतेय. यानाचा उजेड सारखा नाहीये. सौर पंख कुणीतरी मुद्दाम कलते करतंय, बरोबर पाच-पाच मिनिटांनी. म्हणजे आत माणसं ठीक आहेत, हे नक्की. पण अर्थ लागत नाही. नेहमीच्या कुठल्याच संकेतात बसत नाही ते.”

गोदाने आठ फोटो छापले आणि फरशीवर ओळीने मांडले. तेजस्वी. तेजस्वी. मंद. तेजस्वी. आणि पुन्हा पहिल्यापासून. तेजस्वी, तेजस्वी, मंद, तेजस्वी.

ती बघत राहिली. मग तिच्या हाताची आपोआप मूठ झाली आणि तिने फरशीवर बोटांच्या पेरांनी वाजवलं. प्रत्येक तेजस्वी फोटोला एकदा. मंद आला की थांबली.

टक टक… टक.

टॉवेल बाबांच्या तोंडावरून खाली आला. त्यांनी पटकन दाराकडे बघितलं, जसं ते जानेवारीपासून बघत आले होते. दारात कुणी नव्हतं. मग त्यांनी फरशीवरच्या फोटोंकडे बघितलं.

आधीच्या अकरा फोटोंमध्ये काय होतं ते आता कधीच कळणार नव्हतं. ते खड्ड्यांनी गिळलं होतं, वर त्यांची बेरीज झाली होती. पण ते ओळखायला गोदाला मोजमाप लागत नव्हतं. आईला शुक्रवारचे चार वाजलेले कळत होते. अकरा शुक्रवार ती दार वाजवत होती. अकरा शुक्रवार, चाळीस-चाळीस मिनिटं, कोट्यवधी किलोमीटरवरून, आत दोन माणसं कान लावून बसली आहेत हे पक्कं माहीत असल्यासारखी. आणि ती दोघं खरंच कान लावून बसली होती. फक्त भलत्या दाराला.

“हॅलो? गोदावरी? तुम्हाला काही कळतंय का त्यातलं?”

“हो,” गोदा म्हणाली, पण पुढे तिला बोलताच येईना. निलोफरने तिच्या हातातून फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, जरा पाच मिनिटांनी करता का? घरी पाहुणे आलेत.”

गोदाने डोळे पुसले आणि बाराव्या शुक्रवारचे आठही फोटो भिंतीवर लावले. मग ती कपाटापाशी गेली, खिळ्यांच्या डब्याशेजारचं बेलचं सर्किट काढलं आणि बाबांपुढे धरलं.

“लावायची का आता?”

बाबांनी ते हातात घेतलं. उलटसुलट करून बघितलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि परत तिच्या हातात दिलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “नोव्हेंबरात आली की दार वाजवंल ती.”